एक जूनची माणसं

माझ्या आधार कार्डावर, दहावीच्या दाखल्यावर, बँकेच्या पासबुकावर, जिथं तिथं माझी जन्मतारीख एक जून आहे, आणि ती खोटी आहे. दचकू नका. आमच्या कवठे महांकाळच्या बाजूला माझ्या वयाची निम्मी माणसं एक जूनला जन्मलेली आहेत. शाळा जूनमध्ये उघडायची. गुरुजी विचारायचे, "जन्म कधीचा?" आई म्हणायची, "आता त्ये काय ठावं, गुरुजी!" मग गुरुजी पोराला डोक्यावरून हात नेऊन पलीकडचा कान धरायला लावायचे. हात कानाला पोचला की पोर सहा वर्षांचं झालं, लिहा एक जून.

माझा हात पहिल्याच फटक्यात पोचला. नुसता पोचला नाही, मी कान पिरगाळूनसुद्धा दाखवला म्हणे. आई हे अजून कौतुकानं सांगते. तिच्या म्हणण्याप्रमाणे मी तेव्हा जेमतेम चार वर्षांची होते, पण हाडापेरानं उंच. आम्ही मेंढरांमागं फिरणारी माणसं. दिवाळी झाली की बिऱ्हाड घोड्यावर घालायचं, पश्चिमेला कऱ्हाड-उंब्रजच्या काळ्या रानात जायचं, लोकांच्या शेतात मेंढरं बसवायची, लेंडीखताच्या बदल्यात धान्य घ्यायचं आणि पावसाच्या तोंडाला परत फिरायचं. त्या वाटेवर कुठंतरी माझा जन्म झाला. कुठल्या गावात, कुठल्या दिवशी, कुणी लिहून ठेवलं नाही. "दुष्काळ पडला, त्याच्या फुडच्या साली झालीस," एवढाच आईचा पुरावा. आणि आमच्याकडं दुष्काळावरून वय मोजायचं म्हणजे, अहो, आधी दुष्काळ किती पडले ते मोजत बसायला पाहिजे!

पुढं वडिलांनी फिरणं सोडलं, थोडी कोरडवाहू जमीन धरली. मी शिकले. वर्गात कायम पहिली यायचे आणि त्याचा मला भलताच ताठा होता. बारावीनंतर कॉम्प्युटरचा कोर्स केला आणि तासगावात एका सेंटरमध्ये कामाला लागले, जिथं लोकांचे दाखले काढतात, फॉर्म भरतात. दिवसभर मी दुसऱ्यांच्या जन्मतारखा टाइप करायचे. दहातल्या चार एक जून. मी मनात म्हणायचे, आला माझा जुळा भाऊ.

तो पहिल्यांदा आला तो वडिलांचा फॉर्म घेऊन. द्राक्षबागायतदाराचा एकुलता एक मुलगा. गावाबाहेर बंगला, मोठी बाग, बेदाण्याची दोन शेडं. हे मला तेव्हा माहीत नव्हतं, नंतर सेंटरच्या मालकांनी कानात सांगितलं. मी विचारलं, "वडिलांची जन्मतारीख?"

"एक जून."

"वाटलंच," मी मान वर न करता म्हटलं.

तो मोठ्यानं हसला. "मॅडम, तुमची?"

"तुम्हाला काय करायचीय?" मी फटकारलं. मग खरं तेच सांगितलं, "एक जून."

"म्हणजे तुमच्या वाढदिवसाला आख्खं तासगाव केक कापत असणार!" मग स्वतःची तारीख सांगताना वेळही सांगितली, मिनिटांसकट. सांगलीच्या दवाखान्यात जन्मलेला. मी म्हटलं, "मिनिटं कुणी विचारली?" तो म्हणाला, "कुणी विचारत नाही, म्हणून स्वतःच सांगतो."

त्या उन्हाळ्यात त्यानं इतके दाखले काढले की विचारू नका. उत्पन्नाचा, रहिवासाचा, आणखी कसलाकसला. एकदा तर आपण हयात असल्याचा दाखला मागायला आला. मी म्हटलं, "त्यासाठी म्हातारं व्हावं लागतं." तो म्हणाला, "मग थांबतो इथंच." सेंटरचे मालक टेबलाखाली तोंड घालून हसत होते. मला राग आला होता, असं मी आजवर सगळ्यांना सांगत आलेय. नव्हता आला. मला तो आवडला होता, पहिल्या दिवसापासून आवडला होता, आणि आता या वयात कबूल करायला काय जातंय?

तो खिशातून बेदाणे घेऊन यायचा. शेडमधला बेदाणा तयार झाला की नाही हे कसं ओळखतात ते त्यानंच मला शिकवलं. मूठभर घ्यायचा, घट्ट दाबायचा आणि मूठ उघडायची. दाणे मोकळे सुटले तर वाळला, गोळा राहिला तर अजून ओला. "बघ दाबून," असं म्हणत त्यानं माझी मूठ आपल्या मुठीत धरून दाबली, आणि बेदाणा कसा निघाला ते आम्ही दोघांनीही बघितलं नाही.

दोन वर्षं असं चाललं. चोरून काही केलं नाही आम्ही. रस्त्यावरच्या टपरीवर चहा, सांगलीला कामानिमित्त गेलो की घाटावर अर्धा तास. तो तीस वर्षांचा झाला, कागदावर मी एकतीस. त्याच्या घरात लग्नाचा विषय निघाला, आणि त्यानं वडिलांना माझं सांगून टाकलं.

त्याच्या वडिलांनी मला शेडवर बोलावून घेतलं. त्याची आई लहानपणीच गेलेली, या माणसानं एकट्यानं मुलगा वाढवलेला. पांढरा पायजमा, टोपी, आवाज असा की शेडच्या त्या टोकाला बेदाणा निवडत बसलेल्या बायकांच्या माना आपोआप वर आल्या. मी मनाशी ठरवून गेले होते की गरिबीवरून बोलले तर ऐकून घ्यायचं नाही. पण ते निराळंच बोलले.

"पोरी, तुमच्याकडं मेंढरं हायती का मोटार हाय, मला काय न्हाई त्याचं. माझा आज्जा बी दुसऱ्याच्या बांधावर राबायचा. पर ह्याची आई जाताना आपल्या भावाला शबूद देऊन गेली हाय. त्याची पोरगी ह्या घरात करायची म्हणून. त्यो शबूद मोडायचा तर मेव्हण्याला तोंड कसं दावू? वर नवरी नवऱ्यापरास थोरली! भावकी मला जित्ता सोडंल का?"

"काका, एकच वर्ष," मी म्हटलं. "आणि तेही गुरुजींनी कान बघून लिहिलेलं. आई म्हणते मी तेव्हा चारच वर्षांची होते. म्हणजे याच्यापेक्षा लहान."

ते म्हणाले, "आण पुरावा. जन्माला आलीस तवा हजर असलेलं कोण जाणतं माणूस आण. त्यानं सांगितलं की तू एका दिसानं का हुईना धाकटी हायस, तर मी मेव्हण्याच्या पाया पडीन. माझा शबूद. आणि थोरली निघालीस, तर ह्यो इषय पुन्हा काढायचा न्हाई."

माझी जीभ काही स्वस्थ बसेना. "काका, तुमची तरी तारीख कुठं खरी आहे? मीच भरलाय फॉर्म. एक जून."

निवडणाऱ्या बायका फिस्सकन हसल्या. म्हातारासुद्धा मिशीत हसला. "लय तिखट हायस," म्हणाला. पण अट काही हलली नाही.

शेडं रिकामी झाली आणि आम्ही शोधायला निघालो. माझे वडील केव्हाच गेलेले, त्यामुळं आईच्या आठवणीवरच भिस्त. चार रविवार. गाडी त्याची, मी पुढं, मागं माझी आई पदर खोचून बसलेली. साठी ओलांडलेली माझी आई जन्मात पहिल्यांदा मोटारीच्या मागच्या सीटवर एकटी ऐसपैस बसली होती, आणि तिला घाई अजिबात नव्हती. दर दहा मैलांवर तिला चहा लागायचा. "हितं आमी उतरलू हुतो," म्हणून ती गाडी थांबवायला लावायची, खाली उतरून बघायची आणि म्हणायची, "न्हाई गं, ही न्हवं." एवढ्यासाठी मागं वळून गेलेले मैल मी मोजले नाहीत. तो एकदाही वैतागला नाही. पहिल्या रविवारी तिनं त्याला "सायेब" म्हटलं, दुसऱ्या रविवारी "बाळ", आणि तिसऱ्या रविवारी ती त्याला रागावली, उन्हात टोपी घातली नाही म्हणून. मी त्याला म्हटलं, "नाही सापडलं तर?" तो म्हणाला, "तर जगातली सगळी उसाची रानं बघून झाली म्हणायचं."

आईच्या डोक्यात खुणा होत्या तीनच. उंब्रजच्या अलीकडं, तारळी नदीजवळ. एक विहीर, तिच्यापाशी दगडी डोण, म्हणजे जनावरांना पाणी पाजायचा दगडाचा हौद, एका बाजूनं फुटलेला. आणि मालकीण, हनुवटीवर तीन ठिपके गोंदलेली. पण हायवे आता किती रुंद झालाय. जिथं मेंढरं बसायची तिथं हॉटेलं, पंप, ट्रॅक्टरची शोरूम. तीन रविवार आम्ही नुसते फिरलो. चौथ्या रविवारी नदीकडं उतरणाऱ्या एका कच्च्या रस्त्यावर आई एकदम ओरडली, "थांब! थांब रं!"

विहिरीवर मोटर बसली होती, शेजारी सिमेंटची टाकी होती. पण टाकीच्या बुडाशी, गवतात, काठ फुटलेली ती डोण पडली होती. आईनं जाऊन तिच्यावर हात ठेवला आणि तिथंच बसली. "ही बग," मला म्हणाली, "हितं तुला पयल्यांदा धुतली."

घर तिथून दोनशे पावलांवर. ओट्यावर एक म्हातारी शेंगा फोडत बसली होती. हनुवटीवर तीन ठिपके. आईनं आपल्या वाडीचं नाव सांगितलं, मेंढरांचं सांगितलं. म्हातारीनं डोळ्यांवर हात धरून बघितलं. "मेंढरंवाल्याची बाई? जिला माझ्या गोठ्यात पोरगी झाली ती?"

"व्हय वो, तीच मी! आणि ही बगा पोरगी."

मला आजपर्यंत कुणी अशा नजरेनं बघितलेलं नाही. म्हातारी उठली, शेंगांची टरफलं झटकली आणि माझ्या तोंडावरून दोन्ही हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. "लय दिस लावलंस की गं यायला," म्हणाली.

मग तिनं सगळं सांगितलं. रथसप्तमीचा दिवस होता. ती अंगणात रांगोळीचा सूर्य काढून, गोवऱ्या पेटवून, मातीच्या बोळक्यात दूध तापवत होती. सणाची रीत, दूध उतू जाईपर्यंत उठायचं नाही. तेवढ्यात माझे वडील धावत आले. बायको रानात अडली, तळावर दुसरी बाई नाही. म्हातारीच्या सासूनं आईला आणून गोठ्यात निजवलं. गाय बाहेर बांधली, खाली कडबा, त्यावर स्वतःचं जुनं लुगडं. "माझं निम्मं ध्यान दुधाकडं, निम्मं गोठ्याकडं," म्हातारी म्हणाली. "दूध उतू गेलं उगवतीच्या अंगाला, आणि आतनं तुझा आवाज आला. सासू म्हनली, सूर्याच्या दिसाची हाय, उजेडाची हाय. पाच दिस ठिवून घितली तुमास्नी. तुज्या आईला हळदीचं दूध मीच दिलंय."

आई रडत होती. मीही रडत होते, आणि मी रडणारी बाई नाही. एकतीस वर्षं, निदान कागदावर एकतीस, माझ्या जन्माची गोष्ट म्हणजे एक दुष्काळ आणि एक कान. आणि इथं एक बाई मला सांगत होती की त्या दिवशी ऊन कसं होतं, दूध कुठल्या बाजूला गेलं, मी किती जोरात ओरडले. मला दिवस मिळाला होता. माझा, एकटीचा.

वय अजून निघालेलं नव्हतं. तो दारात उभा होता, त्यानं हळूच विचारलं, "आजी, किती वर्षं झाली याला?"

"आता त्ये काय... माझा थोरला तवा पाळण्यात हुता. दिवाळीचा त्यो. ह्या पोरीला त्याचीच दुपटी दिली हुती." आणि तिनं परसाकडं हाक मारली. थोरला आला, हातात विळा, अंगाला उसाची कुसळं. आईनं विचारलं तसं त्यानं सांगितलं. तालुक्याच्या दवाखान्यातला जन्म, कागद पक्का. मागच्या दिवाळीत चौतीस पुरी झाली.

म्हणजे मीही चौतीस. एकतीस नाही, एकोणतीस नाही. त्याच्यापेक्षा पुरी चार वर्षांनी थोरली.

आईनं तोंडाला पदर लावला. दोन दुष्काळ पडले होते, पाच वर्षांच्या अंतरानं, आणि तिनं मला नंतरच्या दुष्काळाला बांधलं होतं. मी शाळेत गेले तेव्हा चार वर्षांची नव्हते, नऊ वर्षांची होते. उंच कसली, घोडी होते त्या वर्गात! सहा-सहा वर्षांच्या पोरांमध्ये माझा कायम पहिला नंबर का यायचा, हेही मला त्या ओट्यावरच कळलं. मला इतकं हसू आलं की म्हातारी घाबरली.

मग त्यानं तिला सगळं सांगितलं. वडिलांची अट, मामाची मुलगी, जाणत्या माणसाचा शब्द. म्हातारीनं शांतपणे ऐकलं. एक शेंग फोडली, दाणे त्याच्या हातावर ठेवले आणि म्हणाली, "मंग त्यात काय? किती सांगू बोल. अठ्ठावीस सांगू? एकोनतीस? घेऊन चल मला तासगावला, देवाशपथ सांगते. थोरल्याच्या जागी धाकट्याचं नाव घेतलं की झालं."

तिचा धाकटा खरंच माझ्या आईच्या हिशोबात बसत होता. सगळं जुळत होतं. तो माझ्याकडं वळला. त्याच्या तोंडावर जे आलं होतं ते मला अजून दिसतं. सुटल्यासारखं. "चल," म्हणाला. "झालं की. आजी सांगतील, आई सांगतील, आमचे अण्णा मानतील. मी ओळखतो त्यांना. शब्द दिलाय, फिरणार नाहीत."

आणि मी नाही म्हटलं.

डोणीपाशी आमचं भांडण झालं, आयुष्यातलं पहिलं आणि शेवटचं. तो म्हणाला, "आत्तापर्यंतही खोटीच तारीख लावत होतीस ना? मग अजून एक खोटी लाव! तुला मी पाहिजे की वय?" मी तापले. म्हटलं, "ती खोटी दुसऱ्यांनी लावली, मला न विचारता. ही मी लावायची. आज पहिल्यांदा मला माझा जन्म मिळाला आणि संध्याकाळच्या आत तो विकायचा? त्या म्हातारीला देवाशपथ खोटं बोलायला लावायचं, माझ्या आईला लावायचं? तुझ्या घरात मी रोज वयाची पाच वर्षं पोटात दाबून जेवायला बसू? आणि तुझ्या वडिलांनी माझ्याकडं बघून मेव्हण्याच्या पाया पडायचं?" तो म्हणाला, "मी जगीन ना तुझ्याबरोबर ते खोटं." खरं सांगते, त्या क्षणी माझा पाय निसटला होता. एकदा आणखी म्हणाला असता तर मी हो म्हटलं असतं. तो म्हणाला नाही. फुटक्या डोणीच्या काठावर बसला आणि डोळे पुसायला लागला. तो रडतो कसा, ते मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं.

परत येताना आईनं चहासुद्धा मागितला नाही.

दुसऱ्या दिवशी मी एकटी शेडवर गेले. त्याच्या वडिलांना सगळं सांगितलं. रथसप्तमी, गोठा, दूध, आणि चार वर्षं. म्हातारीनं काय देऊ केलं होतं तेही सांगितलं, कारण अर्धं खरं सांगायला मी गेलेच नव्हते. ते टोपी काढून मांडीवर घेऊन बसले.

"खोटं बोलली असतीस तर मी मानलं असतं," म्हणाले.

"ठाऊक आहे, काका."

त्यांनी गड्याला न सांगता स्वतः उठून थर्मासमधला चहा ओतला आणि कप माझ्या हातात दिला. "तुझ्यासारखी सून मिळायला नशीब लागतं," म्हणाले, "आणि माझं न्हाई." अट सोडली मात्र नाही. मला वाटलं होतं कदाचित सोडतील. खोटं कशाला बोलू, त्याच आशेवर गेले होते.

त्या वर्षीच त्याचं लग्न झालं, मामाच्या मुलीशी. मी सांगलीला आले, भाड्यानं गाळा घेतला, स्वतःचं सेंटर काढलं. आई माझ्याजवळ आहे. लग्न मी केलं नाही. कुणासाठी थांबले म्हणून नव्हे, मनासारखं जमलं नाही म्हणून. पस्तावले का? पस्तावले की. पहिली दोन वर्षं तर रोज. चूल पेटवताना, एसटीत बसताना, कुणाचा तीस वर्षं वयाचा फॉर्म भरताना. अठ्ठावीस म्हटलं असतं तर काय आभाळ कोसळणार होतं, असं स्वतःला विचारायचे. मग रथसप्तमी यायची, मी आणि आई उंब्रजची एसटी पकडायचो. म्हातारी ओट्यावर वाट बघत असायची. ती मला ओवाळायची, हातावर गूळ ठेवायची, आणि बोळक्यातलं दूध उतू जाईपर्यंत आम्ही तिघी अंगणात बसायचो. त्या दिवशी मला कधी पस्तावा झाला नाही. म्हातारी आता गेली. तिची सून तेवढ्याच मायेनं ओवाळते.

आणि हे सगळं मला कुणामुळं मिळालं? त्याच्यामुळं. तो भेटला नसता तर मला कुणी वय विचारलं नसतं, आणि मी एक जूनचीच राहिले असते. त्यानं चार रविवार गाडी चालवली, माझ्या आईला चहा पाजला आणि मला माझ्या जन्मापाशी नेऊन पोचवलं. लग्न झालेल्या किती बायकांना नवऱ्याकडून एवढं मिळतं, मला माहीत नाही. मला मिळालं. त्याचं ऋण मी मानते आणि मोठ्यानं मानते.

आता शेवटचं, कारण ते घडल्यावरच मी हे लिहायला बसले. गेल्या महिन्यात सेंटरच्या काचेपाशी एक म्हातारा काठी टेकत उभा राहिला. पांढरा पायजमा, टोपी. नऊ वर्षांनी बघत होते, तरी आवाजाआधीच ओळखलं. नातीला शाळेत घालायचं होतं, जन्मदाखल्यावर नावात चूक झाली होती, ती दुरुस्त करून हवी होती.

"तासगावात सेंटरं बंद पडली का, काका?" मी विचारलं.

"तिखटपणा गेला न्हाई तुझा," म्हणाले आणि खुर्चीवर बसले. मी फॉर्म भरत होते. नातीच्या जन्माची वेळ मिनिटांसकट लिहिलेली होती. काम झालं, कागद पिशवीत गेले. तरी उठेनात.

"माझी बी एक जूनच हाय," म्हणाले. "आता सांगणारं कोण ऱ्हायलं न्हाई. तू येळेवर शोधलीस, बरं केलंस."

"तुमच्यामुळंच शोधली की."

त्यांनी काठीच्या मुठीवर हात घासले. "एक सांगू? आमच्यात रथसप्तमी कवा करत न्हवते. माझ्या आईनं न्हाई केली, ह्याच्या आईनं न्हाई. लगीन झालं त्या साली ह्यानं सुरू केली. सोता अंगणात गोवऱ्या लावतो, बोळक्यात दूध ठिवतो. तारीख दर साली बदलती, तर म्हैनाभर आधी क्यालेंडरात बघून ठिवतो. दूध उतू गेल्याबगार जाग्यावरनं उठत न्हाई, द्राक्षाचा व्यापारी दारात यून हुभा ऱ्हायला तरी. सुनेला वाटतं, ही आमच्या घराण्याची रीत हाय. नातीला बी शिकीवलीय तिनं. मी काय बोललो न्हाई. म्हनलं, करू दे."

समोर स्क्रीनवर रिकामा फॉर्म उघडा होता, त्याच्याकडं बघत राहिले. उंब्रजच्या अंगणात मी दूध उतू जायची वाट बघत बसते, तेव्हा तासगावातही एक अंगण असतं, हे मला नऊ वर्षं माहीत नव्हतं. त्याच्या बायकोला मी हे कधी सांगणार नाही. तिची रीत आता खरीच तिची आहे, आणि त्या पोरीचीही.

म्हातारा उठला. दारापाशी वळून म्हणाला, "यंदा दूध उगवतीला गेलं." मी म्हटलं, "आमचंही."